सेकंडहँड उपग्रह

आमची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेलीय. ठाण्याच्या नौपाड्यात राहणाऱ्या माणसाला यात काही नवीन सांगत नाहीये मी, आमच्या गल्लीत हल्ली बिल्डिंगांपेक्षा पत्रेच जास्त दिसतात. तर सप्टेंबरच्या शेवटी सोसायटीच्या ग्रुपवर सेक्रेटरींचा मेसेज आला की गच्चीवरचं सामान ज्याचं त्याने आठ दिवसांत हलवावं, आणि खाली यादी. फुटकी पाण्याची टाकी, दोन लोखंडी खाटा, कुणाची तरी तीनचाकी सायकल, आणि सगळ्यात शेवटी "जुनी डिश अँटेना, मोठी, नग १". पुढे मालकाचं नाव नव्हतं. गरजच नव्हती म्हणा, ती कुणाची हे अख्ख्या गल्लीला माहितीय.

ती बाबांची. बारा फुटी, जाळीची, १९९२ साली बसवलेली. आमच्याकडे तिला कधी कुणी डिश म्हटलं नाही, छत्रीच. आता तिच्यावर कबुतरं बसतात, आणि मध्ये बरीच वर्षं आई तिच्या खालच्या भागात जुनी सुती साडी टाकून कुरडया वाळवायची (खालून हवा लागते, कुरडईला यापेक्षा चांगली जागा नाही, असं तिचं अजूनही ठाम मत आहे). बाबांनी मेसेज वाचला, फोन उपडा ठेवला आणि चहा मागितला. बस, एवढंच. मला तेव्हाच कळलं की हे प्रकरण आठ दिवसांत संपणारं नाही.

बाबा केबलवाले. म्हणजे होते. त्याआधी टीव्ही मेकॅनिक. ऐंशीच्या दशकात ठाण्यात ज्यांच्या घरी टीव्ही होता त्यांच्या गच्चीवर काड्यांचा अँटेना होता, त्याचं तोंड वरळीच्या टॉवरकडे, आणि वारा सुटला की तो फिरायचा. मग एक माणूस वर, एक जिन्यात, एक टीव्हीसमोर, आणि "आलं का?" "नाही!" "आता?" "मुंग्या आहेत अजून!" "आता?" "आलं, आलं, हलवू नका!" असा निरोप तीन मजल्यांमधून वर-खाली फिरायचा. माझा जन्म १९८३चा, त्यामुळे मला त्या काळातलं चित्र कमी आणि पडद्यावर वळवळणाऱ्या ठिपक्यांच्या त्या मुंग्याच जास्त आठवतात.

१९८३ हे इन्सॅट-१बी या आपल्या उपग्रहाचं पण साल. बाबांना हे पाठ आहे कारण त्यांच्या म्हणण्याप्रमाणे त्या वर्षी घरात दोन गोष्टी आल्या आणि दोघींनी सुरुवातीला रात्रीची झोप मोडली. माझं सोडा, इन्सॅटचं खरंच तसं झालं होतं. ३० ऑगस्ट १९८३ला अमेरिकेचं चॅलेंजर स्पेस शटल त्याला घेऊन फ्लोरिडातून उडालं ते मध्यरात्र उलटून गेल्यावर. शटलचं रात्रीचं ते पहिलंच उड्डाण, आणि ते रात्री करावं लागलं कारण आपल्या उपग्रहाला ज्या जागी सोडायचं होतं त्याचं गणित तसं होतं. वर सोडल्यावर त्याचा सोलर पॅनल उघडेना. कर्नाटकातल्या हासनच्या कंट्रोल रूममध्ये माणसं दोन आठवडे त्याच्याशी झटत होती, सप्टेंबरच्या मध्यावर कुठे तो नीट उघडला. आणि मग त्या एका उपग्रहावर पुढच्या काही वर्षांत दूरदर्शन गावोगावी पोचलं.

इन्सॅट-१ची चार भावंडं होती, ए, बी, सी, डी, आणि त्यांची कुंडली मांडली तर कुणालाही वाटेल की घराण्यात काहीतरी दोष आहे. ए एप्रिल १९८२ मध्ये गेला, सप्टेंबरात इंधन संपून मेला, पाच महिने पण धड जगला नाही. सी १९८८ मध्ये गेला तो अर्धांगवायू झाल्यासारखा, निम्मी वीजच गेलेली, वर्षभराने तोही सुटला. आणि डी. डीवर माझं विशेष प्रेम आहे. तो उड्डाणाच्या तळावर असताना क्रेनचा हूक त्याच्यावर पडला. दुरुस्तीला परत कारखान्यात नेला तर ऑक्टोबर १९८९ मध्ये कॅलिफोर्नियात भूकंप झाला आणि त्यात परत मार खाल्ला. पुन्हा दुरुस्त केला, जून १९९० मध्ये एकदाचा सोडला, आणि हा मार खाल्लेला डी पुढे दहा वर्षांहून जास्त चालला. आमच्या घरात एक मिक्सर आहे तसाच, दोनदा पडला, तेव्हापासून बंद म्हणून पडला नाही.

असो. केबल.

आधी केबल म्हणजे व्हीसीआर होता. एका खोलीत व्हीसीआर, तिथून गच्च्यागच्च्यांवरून वायर, रोज दुपारी एक आणि रात्री एक पिक्चर, महिन्याला साठ रुपये. मग ९१-९२ला स्टार टीव्ही आला. ज्याच्याकडे छत्री त्याच्याकडे गिऱ्हाईक, हे बाबांना लगेच कळलं, आणि आईच्या दोन बांगड्या गेल्या (त्या परत आल्या, नंतर, हेही सांगायला हवं नाहीतर आई हा लेख वाचून बोलेल). छत्री टेम्पोतून सुट्या भागांत आली. विकणाऱ्याने एक झेरॉक्स दिली होती, तिच्यावरचे आकडे दुसऱ्याच कुठल्यातरी शहराचे निघाले. मग बाबांनी माझ्या कंपासपेटीतला कोनमापक घेतला, त्याला दोरा बांधला, दोऱ्याला एक नट, झाला ओळंबा. उपग्रह १०५.५ अंश पूर्व रेखांशावर, विषुववृत्ताच्या वर. ठाण्यातून बघितलं तर जमिनीपासून साधारण सत्तेचाळीस अंश वर आणि दिशा आग्नेयेपेक्षा जरा पूर्वेकडे. म्हणजे येऊरच्या डोंगराला पाठ करायची आणि तोंड पारसिकच्या डोंगराकडे, पण नजर डोंगराच्या खूप वर, नुसत्या आकाशात. तिथे काही दिसत नाही. मी नऊ वर्षांची होते, मी खूप वेळ बघितलं, घार सोडून काही नव्हतं.

"तिथे आहे?" मी विचारलं.

"छत्तीस हजार किलोमीटरवर आहे," बाबा म्हणाले, "हलत नाही."

हलत नाही हे अर्थातच खोटं. तो सेकंदाला तीन किलोमीटर पळतो. ठाणे ते सीएसएमटी चौतीस किलोमीटर त्याला अकरा सेकंद लागतील, आपल्याला फास्ट मिळाली तरी किती लागतात हे मी सांगत नाही. फक्त पृथ्वी जेवढ्या वेळात स्वतःभोवती फिरते तेवढ्याच वेळात तो पृथ्वीभोवती फिरतो म्हणून खालून एका जागी दिसतो. आणि तो तिथे आपोआप राहतो हे तर त्याहून मोठं खोटं, त्याच्याकडे मी येतेच.

त्याआधी २ ऑक्टोबर १९९२. त्या दिवशी झी टीव्ही सुरू होणार होता, त्याच उपग्रहावर, हिंदी, संध्याकाळचे काही तास. बाबांनी त्या आठवड्यात तीसेक नवी कनेक्शनं घेतली होती. गांधी जयंतीची सुट्टी, लोक घरात, आणि सकाळी दहाला थोडा वेळ असताना सगळ्या चॅनेलवर मुंग्या. सगळ्या. बाबा पाना घेऊन गच्चीवर पळाले, वाटलं छत्री सरकली. त्यांनी ती हलवली. सात-आठ मिनिटांनी मुंग्या आपोआप गेल्या असत्या, पण आता छत्री खरंच सरकलेली होती, त्यामुळे त्या राहिल्या. संध्याकाळी पाचपर्यंत मी कोनमापक धरून उभी, बाबा बोल्ट फिरवतायत आणि खालून तीस घरांतली माणसं पाळीपाळीने ओरडून जातायत.

तो सन आउटेज होता. मार्चच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला असे वर्षातून दोनदा काही दिवस असतात, त्या दिवसांत ठरलेल्या वेळी सूर्य आपल्या छत्रीतून बघितलं तर बरोबर उपग्रहाच्या पाठीमागे येतो. उपग्रहाचा आवाज म्हणजे लांबून कुणीतरी कुजबुजतंय एवढा, आणि मागे सूर्य ढोल बडवत उभा. काही मिनिटं सूर्यच ऐकू येतो. पुढे बाबा शहाणे झाले, आधीच पट्टी फिरवायचे, "सौर व्यत्ययामुळे प्रक्षेपणात अडथळा". पण त्यांची खूण वेगळीच होती. त्या वेळी छत्रीच्या मधोमध वर जो फीड असतो ना, ज्यात एलएनबी (सिग्नल पकडून वाढवणारी डबी) बसवतात, त्याची सावली छत्रीच्या बरोबर केंद्रावर पडते. बरोबर म्हणजे बरोबर. नसली पडत तर छत्री सरकली आहे असं समजायचं. म्हणजे ज्या वेळी चित्र जातं नेमकं त्याच वेळी आपलं काम बरोबर आहे का ते कळतं. दर वर्षी १ ऑक्टोबरच्या आसपास, दहाला दोन-चार मिनिटं कमी असताना, बाबा गच्चीवर असायचेच, आणि शाळेला सुट्टी असली तर मी.

त्या उपग्रहाचं नाव एशियासॅट-१. आम्ही त्याला नुसतं एशिया म्हणायचो, आज एशिया साफ आहे, आज एशिया खेचत नाहीये. त्याचा पूर्वेतिहास मला कळला २००९ मध्ये. मी तेव्हा ऐरोलीला लागले होते, रात्रपाळीत सर्व्हर बघायचं काम (अजूनही त्यातच आहे, फक्त आता रात्री घरून फोन उचलते), आणि रात्री तीन ते पाच काही बिघडलं नाही तर वाचण्याशिवाय करायला काही नसतं. सहज शोधलं. आणि मी खुर्चीत सरळ बसले.

बाबांचा उपग्रह सेकंडहँड होता.

म्हणजे असं. फेब्रुवारी १९८४. चॅलेंजरच्या त्या फेरीतला एक फोटो तुम्ही नक्की पाहिलाय, निळ्या पृथ्वीच्या वर काळ्या अंतराळात एकटा माणूस, दोरी नाही, पाठीवर नुसती जेटची खुर्ची. ब्रूस मॅकँडलेस. तो फोटो सगळ्यांना आठवतो, पण त्याच फेरीत शटलने दोन उपग्रह सोडले आणि दोन्ही चुकले ते कुणाला आठवत नाही. एक अमेरिकेचा वेस्टार-६, एक इंडोनेशियाचा पालापा-बी२. दोघांना वर ढकलणारी मोटर पेटल्यावर काही सेकंदांत बंद पडली. छत्तीस हजार किलोमीटरवर जायचे ते खाली काहीशे किलोमीटरवरच्या भलत्या कक्षेत अडकले, नवे कोरे, आतून धडधाकट. लग्नाची वरात कसाऱ्यालाच बंद पडावी तसं. विमा कंपन्यांनी पैसे भरले, म्हणजे आता उपग्रह त्यांचे, आणि त्यांनी काय ठरवलं तर परत आणायचे.

नऊ महिने खालच्या कंट्रोल रूममधल्या लोकांनी त्या दोघांकडचं उरलंसुरलं इंधन वापरून त्यांना हळूहळू शटलच्या हाताला लागतील एवढ्या उंचीवर आणलं, त्यांचं गरगरणं कमी केलं. या नऊ महिन्यांवर कुणी चित्रपट काढणार नाही. नोव्हेंबर १९८४ मध्ये डिस्कव्हरी शटल गेलं. जो ॲलन आणि डेल गार्डनर बाहेर पडले, पाठीवर तीच जेटची खुर्ची, आणि हातात भाल्यासारखा लांब दांडा, तो उपग्रहाच्या विझलेल्या मोटरच्या नळकांड्यात घालायचा, आत तो उघडून अडकतो, आणि मग स्वतःच्या जेटने त्या फिरणाऱ्या धुडाचं फिरणं थांबवायचं. आधी पालापा. पकडला. शटलचा यांत्रिक हात आतून ॲना फिशर चालवत होत्या, त्या हाताला उपग्रह धरता यावा म्हणून एक खास कंस बनवून नेला होता. तो बसेना. उपग्रहाचा एक भाग नकाशापेक्षा जरा बाहेर आलेला होता, बस.

आता काय करायचं? तर ॲलनने तो उपग्रह हातात धरला. पाच-सहाशे किलोचं, दोन मीटरच्या वर व्यासाचं, सोलर सेलने मढवलेलं पिंप, पाय अडकवून उभं राहायचं आणि ते डोक्यावर धरून ठेवायचं, खाली गार्डनर त्याला पाळण्यात बसवायच्या खटपटी करतोय. वजन नाही, पण वस्तुमान कुठे जातंय, जरा जोरात ढकललं की ते चाललं, थांबवायला तेवढाच जोर. सुमारे नव्वद मिनिटं तो तसा उभा होता. तेवढ्यात शटलची पृथ्वीभोवती एक फेरी होते. म्हणजे एका माणसाने उपग्रह हातात धरून पृथ्वीला अख्खी प्रदक्षिणा घातली. दोन दिवसांनी वेस्टारच्या वेळी त्यांनी त्या कंसाच्या भानगडीत न पडता सरळ हातानेच काम केलं. आणि सगळं झाल्यावर दोघांनी एक पाटी धरून फोटो काढला, पाटीवर लिहिलंय, विकणे आहे.

विकला गेलाच. दोन्ही उपग्रह खाली आणून दुरुस्त करून एप्रिल १९९० मध्ये पुन्हा वर गेले, एकाच आठवड्यात. वेस्टार हाँगकाँगच्या नव्या कंपनीने घेतला, चीनच्या लाँग मार्च रॉकेटवरून ७ एप्रिलला सोडला आणि त्याचं नाव ठेवलं एशियासॅट-१. एक उपग्रह, दोन उड्डाणं, दोन नावं. तो १०५.५ अंशावर जाऊन बसला, आणि दोन वर्षांनी नौपाड्यातल्या एका गच्चीवरून कोनमापकाला नट बांधून एका माणसाने त्याला शोधून काढला.

सकाळी घरी आले, बाबा पोहे खात होते, मी सगळं एका दमात सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे रिगन ट्यूब."

ज्यांना माहिती नाही त्यांच्यासाठी, जुन्या टीव्हीची पिक्चर ट्यूब गेली की बरेचदा काच चांगली असायची, मागची गन संपलेली असायची. मग मान कापून नवी गन बसवायची, हवा काढायची, सील करायची. अर्ध्या किमतीत ट्यूब. गिऱ्हाईक नाक मुरडायचं, बाबा एक वर्षाची गॅरंटी द्यायचे. "म्हणूनच टिकला," ते पुढे म्हणाले, "जे एकदा उघडून नीट केलंय ते काय आहे हे करणाऱ्याला माहिती असतं." मग थोडा वेळ खाऊन, "त्या कंसाचं माप कुणी घेतलं होतं?" मी त्यांना त्या पाटीच्या फोटोचा रंगीत प्रिंट आणून दिला. बाबांच्या केबलच्या कंट्रोल रूममध्ये अँप्लिफायरच्या वर तो शेवटपर्यंत होता, एका बाजूला साईबाबा, एका बाजूला ॲलन-गार्डनर.

तेव्हापासून मला एक खोड लागली. रॉकेट सुटतानाचं मला फारसं काही वाटेनासं झालं. ते सुटतं, आकडे उलटे मोजतात, टाळ्या, पेढे, आणि कॅमेरा बंद. त्यानंतर जे वर्षानुवर्षं चालतं ते मी शोधायला लागले. मगाशी म्हटलं ना की उपग्रह आपोआप एका जागी राहत नाही. चंद्र आणि सूर्य त्याला उत्तर-दक्षिण ओढतात, आणि पृथ्वी काही गुळगुळीत गोटी नाही, विषुववृत्तसुद्धा पुरतं गोल नाही, त्यामुळे तो पूर्व-पश्चिमही घरंगळतो. समजा त्याला ठरलेल्या जागेच्या दोन्ही बाजूंना अंशाचा एक दशांश एवढीच मुभा दिली, तर तो डबा झाला सुमारे दीडशे किलोमीटर रुंद. ठाणे ते नाशिक. तेवढ्यात त्याला सतत राखायचं, दर काही दिवसांनी छोटासा धक्का देऊन, आणि प्रत्येक धक्क्याला इंधन. म्हणून असे बरेच उपग्रह म्हातारे होऊन मरत नाहीत, इंधन संपतं म्हणून मरतात. आतला टीव्ही चांगला असतो, गॅस संपलेला असतो.

आणि घरंगळून जातो कुठे? हे मला कळलं तेव्हा मी बाबांना उठवायचीच बाकी होते. त्या उंचीवर दोन खळगे आहेत, गुरुत्वाचे, घरंगळणारी वस्तू त्यांच्याकडे ओढली जाते. एक आहे १०५ अंश पश्चिमेला, आणि दुसरा ७५ अंश पूर्वेला. पंचाहत्तर अंश पूर्व म्हणजे, नकाशा काढून बघा, पंढरपूर. म्हणजे त्याच रेखांशाच्या अगदी शेजारी, सरळ दक्षिणेला विषुववृत्तावर. जे नीट निवृत्त होतात त्यांना शेवटच्या इंधनावर तीनेकशे किलोमीटर अजून वर ढकलून स्मशान-कक्षेत ठेवतात. पण जे अचानक गेले, शब्द न बोलता, त्यातले कितीतरी त्या खळग्याभोवती झुलत राहतात, वर्षं वर्षं लागतात एका झोक्याला. आईला हे सांगितलं तर ती म्हणाली, वारीच की. ती हे चेष्टेत म्हणाली नव्हती, त्यामुळे मी पण हसले नाही.

सेकंडहँडचं तर पुढे अजून आहे. एशियासॅट-१च्या जागी यायला एशियासॅट-३ निघाला १९९७च्या नाताळात, रशियन प्रोटॉनवरून. शेवटचा टप्पा फसला. पुन्हा भलत्याच तिरप्या कक्षेत अडकला, पुन्हा विमा कंपनीने पैसे भरले. या वेळी शटल त्याला आणायला जाणार नव्हतं, १९८६ला चॅलेंजर सात माणसांसकट गेल्यावर ते धंदे जवळजवळ बंद झाले होते. तर ज्यांनी तो बनवला त्या ह्यूजेस कंपनीच्या लोकांनी गणित मांडलं की पृथ्वीजवळ कक्षा सरळ करायला इंधन पुरत नाही, पण चंद्रापर्यंत जाऊन चंद्राच्या ओढीने ती सरळ करून घेतली तर पुरतं. मे आणि जून १९९८ मध्ये त्या टीव्हीच्या उपग्रहाने चंद्राला दोनदा वळसा मारला. चंद्रावर न्यायला बनवलेला नाही, मालिका दाखवायला बनवलेला! आणि तो परत येऊन कामाला लागला, थोडा तिरपा, पण चालू. एशियासाठी मग नवा भाऊ, ३एस, मार्च १९९९ मध्ये गेला, तोही १०५.५लाच, त्यामुळे बाबांना छत्री हलवावी लागली नाही.

आणि हे फक्त बाहेरचेच करतात असं नाही. १९९७ मध्येच आपला इन्सॅट-२डी जूनला गेला आणि ऑक्टोबरात वीज जाऊन मेला. नवीन बनवायला वेळ लागणार, तर इस्रोने अरब देशांचा अरबसॅट-१सी, १९९२पासून वर चालू असलेला, तसाच वरच्या वर विकत घेतला, ५५ अंशाला सरकवला आणि नाव दिलं इन्सॅट-२डीटी. वापरलेली स्कूटर घेऊन नंबर प्लेट बदलावी तसं. मला हा व्यवहार फार आवडतो, यात कुठेही छाती फुगवलेली नाही.

मंगळयानाचं कौतुक सगळ्यांनी ४५० कोटींवरून केलं. मला त्यातले चार सेकंद आठवतात. मोठं इंजिन तीनशे दिवस बंद होतं, २४ सप्टेंबर २०१४ला ते पेटलं नाही तर यान मंगळाला टाटा करून निघून जाणार, म्हणून दोन दिवस आधी ते चार सेकंद पेटवून बघितलं. चालू होतंय ना, एवढंच. ज्याने पाच वर्षं पडून असलेली गाडी सुरू केलीय त्याला ते चार सेकंद कळतील. सहा महिन्यांसाठी पाठवलेलं ते यान २०२२पर्यंत बोलत होतं.

आणि नासाचं व्हॉयेजर-१. नोव्हेंबर २०२३ मध्ये ते बरळायला लागलं. १९७७चं यान, आतली एक चिप गेलेली, तिच्यावरचा कोड दुसरीकडे हलवायचा तर एवढी मोकळी जागा एका ठिकाणी कुठेच नाही, म्हणून तुकडे करून जिथे जिथे सांदीत जागा मिळेल तिथे बसवला. हुकूम पोचायला साडेबावीस तास, उत्तर यायला साडेबावीस तास. मी हे काम पोटासाठी करते, साध्या सर्व्हरवर पॅच टाकताना, मागे फिरायचा रस्ता हाताशी असताना, माझ्या पोटात गोळा येतो. एप्रिल २०२४ला त्यांचा पॅच चालला त्या दिवशी मी ऑफिसच्या ग्रुपवर जिलेबीचा फोटो टाकला, कुणाला काही कळलं नाही.

केबलचं काय झालं हे थोडक्यात. मोठा ऑपरेटर आला, आमच्या वायरी रात्री कापल्या जायला लागल्या, मग बाबा त्याच्याच हाताखाली कमिशनवर. २०१३ला ठाण्यात सेटटॉप बॉक्स सक्तीचा झाला, सिग्नल फायबरने यायला लागला आणि छत्रीचं काम संपलं. बाबांनी एलएनबी काढून कपाटात ठेवला. फीडचा सांगाडा तसाच राहिला, छत्री तशीच राहिली, आणि दर ऑक्टोबरला ते वर जातच राहिले, आम्ही कुणी विचारलं नाही.

चांद्रयान-३ उतरलं त्या संध्याकाळी, २३ ऑगस्ट २०२३, सगळी बिल्डिंग खाली हॉलमध्ये मोठ्या स्क्रीनवर बघत होती. टाळ्या, भारतमाता की जय, कुणीतरी फटाके लावले. बाबा माझ्या कानाशी म्हणाले, "आता याला रात्री कोण बघणार?" मी म्हटलं चंद्रावरची रात्र चौदा दिवसांची असते, तेवढ्यात ते बहुतेक गारठून जाईल. झालंही तसंच, ४ सप्टेंबरला झोपवलं, २२ला हाका मारल्या, उठलं नाही. बाबा दोन-तीन दिवस पेपरात बघत होते, उठलं का ते.

तर या १ ऑक्टोबरला भंगारवाला अकराला येतो म्हणाला होता. तो साडेनऊलाच आला. किलोवर भाव ठरला, छत्रीचे तुकडे करायला गॅस कटर लागेल म्हणून बरोबर एक पोरगा आणि सिलेंडर. मी तोवर बोलता बोलता त्याला सांगितलं की सगळ्यात जुना मेलेला उपग्रह अजून वर फिरतोय, व्हँगार्ड-१, १९५८चा, पपनसाएवढा, १९६४पासून गप्प. तो म्हणाला, "ॲल्युमिनियम असेल तर भाव आहे मॅडम."

बाबा आधीच वर गेले होते. मी गेले तर ते छत्रीसमोर उभे, हातात पाना, डोळ्यावर हात आडवा धरून. ऊन पारसिकच्या वरून सरळ जाळीत येत होतं. फोनवर नऊ पंचावन्न. फीडची सावली केंद्राच्या उजवीकडे चार बोटं. इतक्या वर्षांच्या वाऱ्याने सरकली असणार.

बाबांनी बोल्टला पाना लावला. गंजलेला, ढिम्म. मी म्हटलं जाऊ दे ना आता, ते तोडायलाच आलेत. त्यांनी पाना खाली ठेवला, छत्रीच्या कडेला दोन्ही हात लावले आणि खांदा घालून ढकललं. जाळी करकरली. कबुतरं उडाली.

"आलं का गं?"

"नाही अजून."

"आता?"

"दोन बोटं."

पुन्हा करकर. सावली जाळीवरून सरकत आली, नळाच्या तोटीएवढी, आणि मधल्या गोल पत्र्यावर चढली.

"आलं. आलं, हलवू नका."

बाबा तसेच धरून उभे राहिले, सोडलं तर परत जाणार होती ती. जिन्याच्या दारात भंगारवाला आणि तो पोरगा सिलेंडर टेकवून उभे. थोडा वेळ बघून भंगारवाला म्हणाला, "काका, करायचं का चालू?"

"थांब जरा," बाबा म्हणाले, "अजून मुंग्या आहेत."